₹१०,२१८ च्या मागची कुटुंबे : कृषी कुटुंब पाहणीच्या मूळ नोंदी कशा तयार होतात आणि कशा वापराव्यात

देशातील कृषी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न ₹१०,२१८ आहे, हे वाक्य सप्टेंबर २०२१ पासून प्रकल्प अहवालांत, प्रशिक्षण वर्गांत आणि व्यासपीठांवर वारंवार ऐकू येते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या ७७ व्या फेरीतील कृषी कुटुंबांच्या स्थितिनिर्धारण पाहणीतून हा आकडा आला. जुलै २०१८ ते जून २०१९ हे कृषी वर्ष तिचे संदर्भ वर्ष होते. आकडा फोडून पाहिला की त्याचे रूप पालटते. त्यातील ₹४,०६३ मजुरी व वेतनाचे, ₹३,७९८ पीक उत्पादनाचे, ₹१,५८२ पशुपालनाचे, ₹६४१ बिगरशेती व्यवसायाचे आणि ₹१३४ जमीन भाडेपट्ट्याने दिल्याचे आहेत. ज्याला कृषी कुटुंब म्हटले जाते, ते सरासरीने पिकापेक्षा मजुरी-वेतनातून अधिक मिळवते. राज्यागणिक तर अंतर फारच मोठे आहे : मेघालयात ₹२९,३४८, पंजाबात ₹२६,७०१, झारखंडात ₹४,८९५. शिवाय ₹१०,२१८ काढताना केवळ खिशातून प्रत्यक्ष गेलेला खर्च वजा केलेला आहे; घरच्या निविष्ठांची अंदाजित किंमतही वजा केली की हाच आकडा ₹८,३३७ वर येतो.

एवढे सर्व छापील अहवालात सापडते. परंतु विस्तार कार्यकर्त्याला पडणारे प्रश्न सहसा याच्या पुढचे असतात. मका घेणाऱ्या अल्पभूधारक कुटुंबाने पीक संरक्षणावर किती खर्च केला? ज्यांनी सल्ला कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराकडून घेतला आणि ज्यांनी कृषी विज्ञान केंद्राकडून घेतला, त्यांच्या खर्चात काही फरक दिसतो का? अशा आडव्या-उभ्या प्रश्नांची सर्व कोष्टके कोणताही अहवाल छापू शकत नाही. त्यांची उत्तरे मूळ नोंदींतूनच काढावी लागतात. पाहणीच्या पहिल्या भेटीत ५८,०३५ ग्रामीण कुटुंबांची माहिती घेण्यात आली होती. त्या प्रत्येक कुटुंबाची नोंद, नाव-गाव वगळून, आज संशोधकाला, विद्यार्थ्याला किंवा जिज्ञासू शेतकऱ्याला विनामूल्य उपलब्ध आहे. या कुटुंबनिहाय नोंदींनाच एकक-स्तरीय माहिती किंवा रूढ शब्दात मायक्रोडेटा म्हणतात. कृषी क्षेत्रात तिचा वापर अर्थशास्त्रज्ञांपुरताच राहिला आहे. कीटकशास्त्र, रोगशास्त्र, विस्तार शिक्षण या शाखांनी तिच्याकडे जवळजवळ पाठ फिरवली, ही खेदाची बाब आहे.

खेड्यातून धारिकेपर्यंत

राष्ट्रीय नमुना पाहणीची सुरुवात १९५० मध्ये प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रेरणेने झाली. त्याआधी त्यांनी बंगालमधील तागाच्या क्षेत्राचा व उत्पादनाचा अंदाज नमुना पद्धतीने घेतला होता. म्हणजे या पाहणीचे मूळ शेतातच आहे. पीक कापणी प्रयोगासाठी तुकडा लहान घ्यावा की मोठा, यावर महालनोबिस आणि डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्यात गाजलेला मतभेद झाला होता. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे सुखात्मे तेव्हा कृषी संशोधन परिषदेच्या सांख्यिकी शाखेत काम करीत होते. पानसे-सुखात्मे यांचा सांख्यिकी पद्धतींवरील ग्रंथ कृषी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आजही परिचित आहे. लहान तुकड्यात कडेची झाडे आत धरली जाण्याचा धोका अधिक आणि त्यामुळे उत्पादन फुगून दिसते, हा सुखात्मे यांचा मुद्दा होता. आकडा कोणत्या रीतीने मोजला, यावर तो किती खरा हे ठरते, एवढे त्या वादातून घेता येते.

७७ व्या फेरीसाठी देशभरातून सुमारे ६ हजार खेडी निवडण्यात आली. खेडे मोठे असल्यास त्याचे वस्ती-गट पाडून त्यांतील काहीच घेतले जातात. निवडलेल्या वस्तीतील सर्व कुटुंबांची प्रथम यादी होते, जमीनधारणेसारख्या निकषावर त्यांचे गट पाडले जातात आणि प्रत्येक गटातून यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे, काही कुटुंबे उचलली जातात. खेड्यामागे सरासरी दहाच्या आसपास कुटुंबे येतात. सरपंचाने सुचवलेले, रस्त्यालगतचे किंवा अन्वेषकाच्या ओळखीचे कुटुंब घेता येत नाही. गावात अन्वेषक आल्यावर “आमच्या प्रगतिशील शेतकऱ्यांकडे चला” असा आग्रह धरणाऱ्या विस्तार कार्यकर्त्याचा हेतू चांगला असतो, पण तो नकळत नमुना बिघडवत असतो.

एकाच कुटुंबाला दोनदा भेट देण्यात आली. जानेवारी ते ऑगस्ट २०१९ या काळातील पहिल्या भेटीत जुलै ते डिसेंबर २०१८ ची आणि सप्टेंबर ते डिसेंबर २०१९ मधील दुसऱ्या भेटीत जानेवारी ते जून २०१९ ची माहिती विचारण्यात आली. वर्षभराचे एकदम विचारण्यापेक्षा ही रीत निश्चितच चांगली. तरीही ज्या कुटुंबाची पहिली भेट ऑगस्टमध्ये झाली, त्याला जवळपास वर्षभरापूर्वीच्या फवारणीचा खर्च आठवावा लागला असेल. दुकानातून उधारीवर आणलेले औषध, पुढच्या हंगामात फेडलेले बिल, शेजाऱ्याकडून अर्धी घेतलेली बाटली, हे सर्व त्या आठवणीत मिसळते. खर्चाचे आकडे पाचशे, हजार, दोन हजार अशा पूर्णांकांवर गर्दी करतात, त्याचे कारण हेच. अशा नोंदींतून ₹१००-२०० चा फरक काढून त्यावर निष्कर्ष बांधणे शहाणपणाचे नव्हे.

अनुसूची भरून आल्यावर तिची छाननी होते. पिकाला, निविष्ठेला, सल्ल्याच्या स्रोताला संकेतांक दिले जातात. एकरी उत्पादन अशक्य वाटण्याइतके मोठे असल्यास, एकूण जमिनीपेक्षा पेरलेले क्षेत्र विनाकारण अधिक असल्यास किंवा जनावरे नसलेल्या घरात दूधविक्री दिसल्यास ती नोंद तपासासाठी परत जाते. या टप्प्यावर फार हात फिरवला तर खरी पण विचित्र नोंदही ‘दुरुस्त’ होऊन जाते. फिरवला नाही तर एखादे जादा शून्य संपूर्ण जिल्ह्याची सरासरी वर उचलते. अंतिम धारिका उघडणाऱ्यास दिसतात त्या केवळ अंकांच्या लांबच लांब ओळी. कोणत्या स्थानापासून कोणत्या स्थानापर्यंतचे अंक काय सांगतात, हे सोबतच्या मांडणी-तक्त्यात असते. तक्ता, मूळ अनुसूची आणि अन्वेषकांसाठीची सूचना-पुस्तिका ही तिन्ही हाताशी नसतील तर धारिका उतरवून घेण्यात अर्थ नाही.

नाव पुसले म्हणजे ओळख पुसली असे नाही

मायक्रोडेटा खुला करणाऱ्या संस्थेपुढील खरा पेच येथे आहे. सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ नुसार पाहणीत मिळालेली माहिती सांख्यिकीय प्रयोजनासाठीच वापरावयाची असते आणि माहिती देणाऱ्याची ओळख उघड होऊ द्यावयाची नसते. अन्वेषक दारात उभा राहून कुटुंबप्रमुखाला हेच वचन देतो. त्या वचनाच्या भरवशावर शेतकरी सावकाराचे कर्ज, दुसऱ्याची कसत असलेली जमीन, मुलाने शहरातून पाठवलेले पैसे सांगतो. वहिवाटीच्या भीतीने तोंडी ठेवलेला खंडाचा करार तो महसुली नोंदीत येऊ देत नाही, पण पाहणीत सांगू शकतो. हे वचन एका गावात जरी मोडले, तरी पुढच्या फेरीत आसपासच्या गावांत खरे उत्तर मिळणार नाही.

नाव, घर क्रमांक, गाव काढून टाकणे ही पहिली पायरी. ती पुरत नाही. एक कल्पित नोंद पाहावी : अमुक जिल्हा, कुटुंबात दोन व्यक्ती, प्रमुख स्त्री, वय ७१, जमीन ३४ हेक्टर, ४६ म्हशी. या ओळीत कोठेही नाव नाही. परंतु त्या जिल्ह्यात अनेक वर्षे काम केलेला पशुधन पर्यवेक्षक किंवा दूध संघाचा सचिव ही ओळ वाचून क्षणात घर ओळखेल आणि मग त्या घराचे कर्ज व उत्पन्नही त्याला कळेल. सामान्य कुटुंबाची ओळख गर्दीत लपते. वेगळ्या कुटुंबाची लपत नाही. लॅटान्या स्वीनी यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेत हेच दाखवून दिले. नावे काढून टाकलेल्या रुग्ण-नोंदी आणि मतदार यादी यांची जन्मतारीख, लिंग व टपाल विभाग यांवरून सांगड घालून त्यांनी मॅसॅच्युसेट्स राज्याच्या तत्कालीन गव्हर्नरांची वैद्यकीय नोंद शोधून काढली होती.

यावर सांख्यिकी संस्थांकडे अनेक उपाय असतात. वयाचा नेमका आकडा न देता वयोगट देणे. ठराविक मर्यादेपुढील जमीन किंवा जनावरे ‘इतकी वा अधिक’ म्हणून एकत्र करणे. भूगोल धूसर करणे. काही मूल्ये जाणूनबुजून थोडी हलवणे. प्रत्येक उपायाची किंमत मोजावी लागते. वरील म्हशींचा आकडा ‘१० वा अधिक’ असा केला की ते घर सुरक्षित होते, पण व्यावसायिक दुग्धव्यवसायाचा अभ्यास तेथेच संपतो. मूल्ये हलवली की सरासरी टिकते, मात्र दोन बाबींतील परस्परसंबंध पातळ होतो. आणि संशोधकाला नेमका तोच संबंध हवा असतो.

भारतीय नमुना पाहणीने प्रामुख्याने भूगोलाचा मार्ग धरला आहे. खेड्याचे नाव मिळत नाही; त्याच्या जागी एक क्रमांक असतो, ज्यावरून एकाच खेड्यातील कुटुंबे एकत्र करता येतात, पण ते खेडे कोणते हे समजत नाही. राज्य आणि जिल्ह्याचे संकेतांक मात्र ठेवलेले असतात. कृषी संशोधनासाठी ही मोठी सोय आहे. पाऊस, जमीन, किडीचा प्रादुर्भाव यांची जिल्हावार माहिती या नोंदींना जोडता येते. त्याच वेळी वर दाखवलेला धोका यामुळेच शिल्लक राहतो. म्हणून कुटुंब ओळखण्याचा प्रयत्न न करण्याची अट वापरकर्त्याला बांधील असते. तिचे पालन त्याच्या सचोटीवर अवलंबून आहे, हेही मान्य केले पाहिजे. गावपातळीवर काम करणाऱ्यांनी ही अट अधिक काटेकोरपणे पाळावी, कारण ओळखण्याची क्षमता दिल्लीतील विश्लेषकापेक्षा त्यांच्याकडेच अधिक असते.

लष्करी अळीचे पहिले वर्ष

कीटकशास्त्राच्या दृष्टीने ७७ व्या फेरीचे संदर्भ वर्ष विशेष महत्त्वाचे ठरते. अमेरिकन लष्करी अळी, म्हणजेच फॉल आर्मीवर्म, भारतात प्रथम मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा भागात मक्यावर नोंदवली गेली. वर्षअखेरपर्यंत ती आंध्र प्रदेश, तेलंगण, तमिळनाडू, महाराष्ट्र अशा अनेक राज्यांत पसरली. म्हणजे जुलै २०१८ पासून सुरू झालेल्या संदर्भ वर्षाने या किडीचा पहिला हंगाम अनायासे टिपला. पोंगा खाणारी ही अळी तेव्हा बहुतेकांना अनोळखी होती आणि कोणते औषध, कधी व कोठे टाकावे याचा सल्ला गावापर्यंत पोहोचत होता. मक्याच्या शेतकऱ्यावर त्या वर्षी पीक संरक्षणाचा किती बोजा पडला, हा प्रश्न या नोंदींना विचारण्याजोगा आहे. अनुसूचीत पीक संरक्षणावरील खर्चाची बाब आहे, घेतलेल्या पिकांची नोंद आहे आणि तांत्रिक सल्ल्याच्या स्रोतांची यादीही आहे : प्रगतिशील शेतकरी, निविष्ठा विक्रेता, शासकीय विस्तार यंत्रणा, कृषी विज्ञान केंद्र, कृषी विद्यापीठ, किसान कॉल सेंटर, रेडिओ-दूरदर्शन, स्मार्टफोनवरील अ‍ॅप. सल्ला मिळाला तो अमलात आणला का आणि नसल्यास का नाही, हेही विचारलेले आहे.

हा प्रश्न हाताळताना पहिली चूक होते ती भारांकाची. नमुन्यातील प्रत्येक कुटुंब सारख्याच संख्येच्या कुटुंबांचे प्रतिनिधित्व करीत नाही. मोठ्या धारणेची कुटुंबे गावात थोडी असतात, पण त्यांचा अंदाज नीट यावा म्हणून ती प्रमाणापेक्षा अधिक घेतलेली असू शकतात. समजा तीन नोंदी आहेत. पहिल्या कुटुंबाने पीक संरक्षणावर ₹१,५०० खर्चले आणि ते ४०० कुटुंबांचे प्रतिनिधी आहे. दुसऱ्याने ₹६०० खर्चले, ते १,२०० कुटुंबांच्या वतीने उभे आहे. तिसऱ्याने ₹१२,००० खर्चले, पण ते केवळ १०० कुटुंबांचे प्रतिनिधी आहे. तीन आकड्यांची साधी सरासरी ₹४,७०० येते. प्रत्येक खर्चाला त्याच्या भारांकाने गुणून, बेरीज करून, ती १,७०० ने भागली तर खरी सरासरी ₹१,४८२ निघते. पहिला आकडा दुसऱ्याच्या तिपटीहून अधिक आहे. संगणकावर आलेख सुरेख दिसतो म्हणून तो बरोबर ठरत नाही. पाहणीच्या नोंदींवर भारांक न लावता काढलेली सरासरी कोणत्याही सादरीकरणात येऊ नये.

भारांकाचा स्तंभ बहुधा ओळीच्या शेवटी असतो आणि त्यात दशांश चिन्ह छापलेले नसते. अनेक फेऱ्यांत तो १०० ने भागावा लागतो. काही जुन्या फेऱ्यांत दोन स्वतंत्र उपनमुने असल्यामुळे परिस्थितीनुसार १०० किंवा २०० ने भागण्याची सूचना असते. ही सूचना धारिकेसोबतच्या माहितीपत्रकात एका ओळीत दिलेली असते आणि तीच वाचायची राहते. उपनमुन्यांची कल्पना महालनोबिस यांची. एकाच प्रश्नाचे उत्तर दोन्ही उपनमुन्यांतून वेगवेगळे काढावे. दोन उत्तरांतील फरकाचा निम्मा भाग म्हणजे अंदाजाच्या प्रमाण त्रुटीचा ढोबळ मापदंड होय. दोन्ही उत्तरे एकमेकांपासून फार दूर गेली, तर आकडा वापरण्यापूर्वी थांबावे.

दुसरा सापळा जिल्ह्याचा. धारिकेत जिल्ह्याचा संकेतांक दिसतो, म्हणून जिल्ह्याचा आकडा काढण्याचा मोह होतो. ५८,०३५ कुटुंबे देशातील जिल्ह्यांवर वाटली तर जिल्ह्यामागे सरासरी शंभराहूनही कमी येतात. त्यांत कृषी कुटुंबे कमी, त्यांत मका घेणारी आणखी कमी आणि त्यांत कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेणारी कदाचित दोन किंवा तीन. त्या दोन-तीन घरांवरून केंद्राच्या कामगिरीचा निर्णय करणे म्हणजे एका कामगंध सापळ्यावरून तालुक्याची आर्थिक नुकसान पातळी जाहीर करणे. जिल्ह्याऐवजी राज्य पातळीवर, किंवा फार तर नमुना पाहणीच्या ‘विभाग’ पातळीवर विश्लेषण करणे योग्य. महाराष्ट्राचे असे ६ विभाग आहेत : किनारपट्टी, अंतर्गत पश्चिम, अंतर्गत उत्तर, अंतर्गत मध्य, अंतर्गत पूर्व आणि पूर्व. मक्यासाठी कर्नाटक, तेलंगण, मध्य प्रदेश, बिहार अशी राज्ये स्वतंत्रपणे घेता येतील, परंतु प्रत्येक वेळी त्या उत्तरामागे किती नोंदी आहेत हे उत्तराच्या शेजारी लिहिले गेलेच पाहिजे.

वार्षिक खर्च काढताना दोन भेटींच्या नोंदी जोडाव्या लागतात. दुसऱ्या भेटीत ५६,८९४ कुटुंबे मिळाली, म्हणजे १,१४१ कुटुंबे गळाली. स्थलांतर, घर बंद असणे, नकार अशी कारणे यामागे असू शकतात. ऊसतोड किंवा वीटभट्टीच्या कामासाठी हंगामी बाहेर जाणाऱ्या कुटुंबांचा विचार करता, ही गळती सर्व थरांत सारखी असेल असे गृहीत धरू नये.

मागील पाहणीशी तुलना करताना तर अधिक जपावे. ७० व्या फेरीतील, म्हणजे २०१२-१३ या कृषी वर्षाच्या पाहणीतील नोंदीही खुल्या आहेत. अळी येण्यापूर्वीचे मक्याचे चित्र म्हणून त्या उपयोगी पडतील. परंतु मधल्या काळात ‘कृषी कुटुंब’ या शब्दाची व्याख्याच हलली आहे. २०१३ मध्ये वर्षभरात ₹३,००० हून अधिक मूल्याचे कृषी उत्पादन आणि किमान एक सदस्य शेतीत स्वयंरोजगारित, अशी अट होती. २०१९ मध्ये ही मर्यादा ₹४,००० झाली. त्याही आधी २००३ च्या पाहणीत काही ना काही जमीन ताब्यात असणे आवश्यक होते, त्यामुळे भूमिहीन पशुपालक तीत बसत नव्हता. उत्पन्नाचे घटकही तंतोतंत जुळत नाहीत. २०१२-१३ चा ₹६,४२६ हा आकडा पीक, मजुरी-वेतन, पशुपालन व बिगरशेती व्यवसाय या चार घटकांचा आहे. जमीन भाडेपट्ट्याचे ₹१३४ नंतरच्या आकड्यात पाचवा घटक म्हणून येतात. मायक्रोडेटा हाती असल्याचा लाभ असा की दोन्ही वर्षांच्या नोंदींना एकच व्याख्या लावून, पाचवा घटक बाजूला ठेवून तुलना पुन्हा करता येते. छापील कोष्टकावर ते शक्य नसते.

आणि एक उणीव कोणत्याही गणिताने भरून निघणारी नाही. पीक नुकसानीचे कारण विचारताना अपुरा पाऊस वा दुष्काळ, पूर, इतर नैसर्गिक कारणे असे पर्याय आहेत. परंतु रोग, कीड आणि प्राणी यांना मिळून एकच संकेतांक दिलेला आहे. मक्याच्या पोंग्यातील अळी, भातावरील करपा आणि रात्री शेतात घुसलेली रानडुकरे धारिकेत एकाच अंकाने दर्शवली जातात. विमा किंवा महसूल यंत्रणेच्या दृष्टीने ते चालूनही जाईल. पीक संरक्षणाच्या दृष्टीने या तिन्हींचे उपाय, खर्च आणि जबाबदार यंत्रणा पूर्णतः वेगळ्या आहेत. प्रश्नावली ठरण्याच्या वेळी सूचना मागवल्या जातात, तेव्हा कृषी शास्त्रज्ञांनी हा संकेतांक फोडण्याची मागणी लेखी स्वरूपात केली पाहिजे. एकदा फेरी पार पडली की कोणताही विश्लेषक हे तीन वेगळे करू शकत नाही.

नोंदी कोठे मिळतात

सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा संकेतस्थळावर नाव नोंदवून व वापराचे प्रयोजन लिहून धारिका उतरवून घेता येतात. पूर्वी त्या शुल्क भरून सीडीवर घ्याव्या लागत. विश्लेषणासाठी ‘आर’ ही विनामूल्य संगणक प्रणाली पुरेशी आहे. पाहणीच्या भारांकांचा व स्तरांचा विचार करणारी साधने तीत तयार मिळतात. प्रारंभी प्रकाशित अहवालातील एखादा आकडा, उदाहरणार्थ एका राज्याचे सरासरी उत्पन्न, स्वतः काढून पाहावा. तो जुळल्याशिवाय नव्या प्रश्नाकडे वळू नये. कृषी महाविद्यालयातील सांख्यिकी विभागाची एखाद्या आठवड्याची मदत घेतल्यास विस्तार कार्यकर्त्यालाही हे जमण्यासारखे आहे.

कृषी खात्याच्या स्वतःच्या नोंदी

हाच विचार कृषी संशोधन व विस्तार यंत्रणेच्या नोंदींनाही लागू करून पाहण्यासारखा आहे. २००८ च्या खरिपात विदर्भ व लगतच्या भागांत सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळीचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९ पासून महाराष्ट्रात ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. शेतांवर जाऊन ठराविक दिवशी निरीक्षण, त्याची संगणकावर नोंद आणि त्यावरून सल्ला, अशी त्याची रीत आहे. अनेक हंगामांच्या अशा कच्च्या नोंदी हा देशातील कीटकशास्त्राचा मोठा ठेवा ठरू शकतो. इतर राज्यांच्या कृषी खात्यांत आणि विद्यापीठांच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांतही असे साठे आहेत. त्यांतील बराच भाग वार्षिक अहवालातील एका कोष्टकात सरासरी होऊन बसतो आणि मूळ वही किंवा धारिका प्रकल्पप्रमुखाच्या निवृत्तीबरोबर दिसेनाशी होते.

त्या खुल्या करायच्या झाल्यास नमुना पाहणीची शिस्त जशीच्या तशी उपयोगी पडेल. निरीक्षणाचे शेत कसे निवडले, हे लिहिलेले हवे. रस्त्यालगतची, सोयीची शेते असतील तर तसे स्पष्ट नोंदवावे. ती लपवल्याने नमुना यादृच्छिक होत नाही. प्रत्येक स्तंभाचा अर्थ व एकक सांगणारी पुस्तिका हवी : अळ्या प्रति झाड की प्रति मीटर ओळ, पतंग प्रति सापळा प्रति रात्र की प्रति आठवडा. शेवटी शेतकऱ्याची ओळख. शेताचे अक्षांश-रेखांश म्हणजे सातबाराच होय. ते प्रसिद्ध केले तर नाव काढून टाकण्याला काहीच अर्थ उरत नाही. अक्षांश-रेखांश गावाच्या किंवा मंडळाच्या मध्यबिंदूवर आणले तरी हवामानाशी जोडणी बऱ्याच अंशी टिकते, कारण पर्जन्यमापकाची नोंद बहुधा मंडळापुरतीच असते. फवारलेल्या औषधाचे नाव व मात्रा यांबाबत अधिक सावध राहावे लागेल. शिफारस नसलेले औषध वापरल्याची नोंद एखाद्या ओळखता येणाऱ्या शेताशी जोडली गेली, तर निर्यातक्षम द्राक्ष किंवा डाळिंबाच्या बागायतदाराला त्याचा थेट आर्थिक फटका बसू शकतो. पुढच्या हंगामात तो निरीक्षकाला बांधावर येऊ देईल, पण औषधाचे नाव सांगणार नाही.